स्टोरेज ग्रुप महिनाअखेरीला भरतो: व्हॉल्यूम टाकायचे की नियम बदलायचे?

डिस्कपाल
नमस्कार मंडळी. इथे मेनफ्रेमवाले किती आहेत माहीत नाही, तरी विचारून बघतो.

आमच्याकडे झेड/ओएस (आयबीएम मेनफ्रेमची ऑपरेटिंग सिस्टिम) आहे आणि बहुतेक सगळा डेटा डीएफएसएमएसच्या, म्हणजे डिस्कची जागा नियमांनी सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, ताब्यात. स्टोरेज बघणारे गृहस्थ निवृत्त झाले आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. मी मूळचा सिस्टिम प्रोग्रॅमर, डिस्कचं कामापुरतं येतं. बॅचच्या डेटासेटसाठी, म्हणजे फाइलींसाठी, एक मोठा स्टोरेज ग्रुप (डिस्क व्हॉल्यूमचा गट) आहे. हाय थ्रेशोल्ड ८५, लो ७०, म्हणजे ८५ टक्क्यांच्या वर गेला की डेटा हलवून ७० पर्यंत उतरवायचा. महिनाभर सुरळीत चालतं. महिनाअखेर आली की ग्रुप ९४ टक्क्यांवर जातो आणि पहाटे जॉब पडायला लागतात. कधी बी३७ (लिहिता लिहिता जागा संपली), कधी थेट अ‍ॅलोकेशनलाच आयजीडी१७२७२आय, म्हणजे पुरेशी जागा असलेला व्हॉल्यूमच मिळाला नाही. मग मला उठवतात, मी जुन्या वर्क फाइली पुसून जागा करून देतो, जॉब परत लावतात. पुढच्या महिन्यात ये रे माझ्या मागल्या.

साहेब म्हणतात व्हॉल्यूम टाक आणि विषय संपव. टाकता येतील, डिस्क बॉक्समध्ये जागा आहे. पण इंटरव्हल मायग्रेशन (एचएसएम हा प्रोग्रॅम पडून असलेला डेटा ग्रुपबाहेर हलवतो ते) दर तासाला चालूनही ग्रुप खाली का येत नाही, हे मला कळत नाही. मॅनेजमेंट क्लास (डेटा कधी हलवायचा, कधी पुसायचा, बॅकअप घ्यायचा का, याचे नियम) ढिले असावेत असा संशय आहे. तुम्ही काय कराल?

ता.क. ऑटोबॅकअपही हल्ली वेळेत संपत नाही. पण तो वेगळा विषय, त्यावर नंतर धागा काढेन.

एबेंडबाई
बी३७ वाचलं आणि जुने दिवस आठवले. उपयोगाचं काही सांगण्यासारखं नाही, हजेरी लावून जाते.

आबा_जेसीएल
अहो डिस्कपाल, टाका की व्हॉल्यूम. अर्ध्या तासाचं काम. आयसीकेडीएसएफने (डिस्क तयार करायचं साधन) इनिट करा, ग्रुपमध्ये घाला, कॉन्फिगरेशन अ‍ॅक्टिव्हेट करा, झोपा. मॅनेजमेंट क्लासला हात लावलात की प्रत्येक अ‍ॅप्लिकेशनवाला 'आमचा डेटा का हलवला' म्हणून दारात उभा राहणार. आयुष्यभर हेच बघितलंय. डिस्क माणसापेक्षा स्वस्त.

चिकित्सक
आबा, हे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. पूल किती टक्के भरला हा आकडा इथे निम्मीच गोष्ट सांगतो.

डिस्कपाल, ग्रुपमध्ये व्हॉल्यूम कोणत्या मापाचे आहेत? आणि जे जॉब पडतात ते प्रायमरी स्पेस (सुरुवातीलाच लागणारी जागा) किती मागतात?

डिस्कपाल
@चिकित्सक, बहुतेक मॉडेल ३. काही मॉडेल ९, आणि अलीकडे घातलेले थोडे मॉडेल २७. पडणाऱ्या जॉबांपैकी एक जण २,००० सिलिंडर (डिस्कवरच्या जागेचं माप) प्रायमरी मागतो. बाकीचे पाचशे-सातशे.

चिकित्सक
वाटलंच.

मॉडेल ३ म्हणजे ३,३३९ सिलिंडर, साधारण २.८ जीबी. असे शंभर व्हॉल्यूम धरा, प्रत्येक ९४ टक्के भरलेला. प्रत्येकावर सुमारे २०० सिलिंडर मोकळे. बेरीज केली तर २०,००० सिलिंडर रिकामे दिसतात, रिपोर्टमध्ये छान वाटतं. पण साध्या डेटासेटची प्रायमरी एकाच व्हॉल्यूमवर, जास्तीत जास्त पाच एक्सटेंटमध्ये (सलग तुकड्यांत) बसावी लागते. तेव्हा २,००० तर सोडाच, ५०० मागणाऱ्यालाही 'नाही' ऐकावं लागेल. आणि त्या २०० चे तुकडे झालेले असतील तर १५० मागणाराही परत जाईल.

यावर दोन गोष्टी. डेटा क्लासमध्ये (नव्या डेटासेटला जागा कशी द्यायची त्याचे नियम) स्पेस कन्स्ट्रेंट रिलीफ चालू करा. मग पाच एक्सटेंटची अट शिथिल होते, मागितलेली जागा तुम्ही ठरवाल तेवढ्या टक्क्यांनी कमी करून बघितली जाते, आणि व्हॉल्यूम काउंट एकापेक्षा जास्त असेल तर डेटासेट पसरवता येतो. दुसरी गोष्ट म्हणजे मॉडेल ३ हळूहळू रिटायर करा. खरीखुरी ३३९० डिस्क १९८९ ची. आजच्या बॉक्समध्ये ती नुसती नक्कल आहे, तरी आपण तिच्याच मापाने तुकडे पाडत बसलोय.

आबा_जेसीएल
मोठे व्हॉल्यूम करा म्हणणाऱ्यांनी एक सांगावं. एका यूसीबीवर, म्हणजे सिस्टिमच्या लेखी एका व्हॉल्यूमवर, एका वेळी एकच आय/ओ. वीस मॉडेल ३ वरचा डेटा एका मॉडेल ५४ वर ओतलात की सगळे त्या एका दारात रांगेत. आयओएस क्यू टाइम बघितलाय का कधी?

चिकित्सक
आबा, ते पीएव्ही (एका व्हॉल्यूमवर एकाच वेळी अनेक आय/ओची सोय) येण्याआधीचं. हायपरपीएव्हीमध्ये एलियस (जादा दारं) एका व्हॉल्यूमला बांधलेले नसतात, ज्याला गरज त्याला त्या क्षणी मिळतात. आता ईएव्ही (वाढीव मापाचे व्हॉल्यूम) १ टीबीपर्यंत जातात, म्हणजे ११,८२,००६ सिलिंडर. तिथे वेगळी गंमत आहे: ६५,५२० सिलिंडरच्या पुढची जागा २१-२१ सिलिंडरच्या गठ्ठ्यांनीच मिळते. त्यामुळे एक ट्रॅक मागणाऱ्या चिल्लर फाइली तिकडे पाठवू नयेत.

आबा_जेसीएल
हायपरपीएव्ही आहे का ते आधी विचारा त्यांना. सगळ्यांकडे सगळं असतं असं नाही. बाकी हिशोब मान्य.

रात्रपाळी
मी ऑपरेशन्सवाला, त्यामुळे वरच्या चर्चेतलं निम्मं डोक्यावरून गेलं. पण एचएसएमचा विषय निघालाच आहे तर आमच्याकडचा नमुना सांगतो.

सोमवारी सकाळी एक डेव्हलपर ३.४ मध्ये (डेटासेटची यादी दाखवणारा पॅनेल) आपल्या प्रोजेक्टची यादी काढायचा. व्हॉल्यूमच्या रकान्यात खालपर्यंत मायग्रॅट२, मायग्रॅट२, मायग्रॅट२. हा बाबा पहिल्या ओळीवर बी (ब्राउज) टाकायचा आणि टेप येईपर्यंत टर्मिनल अडकून पडायचं. की मग आम्हाला फोन: 'सिस्टिम हँग झाली'. सिस्टिम नाही हो, तुमचा डेटासेट टेपवर आहे, तो येतोय. एकदा त्याला कोणीतरी एचरिकॉल (डेटासेट परत आणायची कमांड) शिकवला. त्याने पुढच्या सोमवारी वाइल्डकार्ड लावून अख्खा प्रोजेक्ट रिकॉलला टाकला. रिकॉलची रांग दुपारपर्यंत हलली नाही.

त्याहून भारी आयईएफबीआर१४, म्हणजे स्वतः काहीच न करणारा प्रोग्रॅम. जॉबच्या पहिल्या स्टेपमध्ये मॉड, डिलीट, म्हणजे जुना डेटासेट पुसायचा. डेटासेट मायग्रेट झालेला असेल तर सिस्टिम तो टेपवरून रिकॉल करायची, डिस्कवर उतरवायची आणि लगेच पुसायची.

टेपवाला
हाहा. आता त्यावर औषध आहे. पार्मलिबच्या (सिस्टिमच्या सेटिंगची लायब्ररी) अलॉक मेंबरमध्ये आयईएफबीआर१४_डेलमिगडीएस ला नोरिकॉल लिहा, मग न आणताच पुसतो. आधीच्या वागणुकीचं नाव त्यांनी 'लेगसी' ठेवलंय, आणि कित्येक ठिकाणी अजून तेच चालू असेल.

नवखा_ऑपरेटर
एक बाळबोध प्रश्न विचारू का? मायग्रेट झालेला डेटासेट आणि बॅकअप यात नेमका फरक काय? दोन्ही टेपवरच जातात ना?

निशा_स्टोरेज
विचारा की, बाळबोध नाहीये. पुष्कळ अनुभवी लोक इथे घसरतात.

मायग्रेशन म्हणजे सामान माळ्यावर टाकणं, बॅकअप म्हणजे कागदाची झेरॉक्स काढून दुसरीकडे ठेवणं. मायग्रेट झालेला डेटासेट एकच असतो. तो मूळ डिस्कवरून उचलला जातो आणि एमएल१ वर, म्हणजे दुसऱ्या डिस्कवर आटोपशीर करून, किंवा एमएल२ वर, म्हणजे सहसा टेपवर ठेवला जातो. ती टेप खराब झाली आणि वेगळा बॅकअप नसेल तर डेटा गेला. मायग्रेट झालेल्यांची नोंद एमसीडीएसमध्ये, बॅकअपची बीसीडीएसमध्ये, आणि टेपवर काय काय आहे त्याची ओसीडीएसमध्ये. माळ्यावरून खाली आणायला एचरिकॉल, झेरॉक्सवरून मूळ उभं करायला एचरिकव्हर.

या तीन कंट्रोल डेटासेटना जीवापाड जपायचं. बीसीडीएस गेला तर हजारो बॅकअप टेपा समोर असूनही कशात काय आहे ते एचएसएमला सांगता येत नाही. त्यांचा स्वतःचा बॅकअप रोज, आणि जर्नल (त्यांच्यातल्या बदलांची नोंद) या तिघांपासून वेगळ्या व्हॉल्यूमवर. एका ठिकाणी (नाव घेत नाही) चारही एकाच व्हॉल्यूमवर होते. जागा वाचते म्हणे.

नवखा_ऑपरेटर
धन्यवाद निशाताई. वाचनखूण साठवली.

टेपवाला
मूळ विषयाकडे. डिस्कपाल, व्हॉल्यूम टाकण्याआधी जागा फुकट कुठे जाते ते बघा. आयडीकॅम्सचा डीकलेक्ट (जागेच्या वापराची माहिती काढणारी कमांड) चालवा आणि अ‍ॅलोकेट केलेली जागा व वापरलेली जागा शेजारी ठेवा. माझा अंदाज, पहिल्या पानावरच डोळे पांढरे होतील. कोणीतरी कधीकाळी ५०० सिलिंडर प्रायमरी, ५०० सेकंडरी (प्रायमरी भरल्यावर घ्यायची जागा) लिहून ठेवलेलं असतं. तेच जेसीएल (जॉब चालवायच्या सूचना) पंचवीस जणांनी कॉपी केलेलं असतं, आणि प्रत्यक्षात दहा सिलिंडर भरतात. मॅनेजमेंट क्लासमध्ये पार्शल रिलीज चालू केलं की न वापरलेली जागा आपोआप सुटते. इमिजिएट पर्याय घेतलात तर डेटासेट क्लोज होताक्षणीच. जेसीएलमध्ये आरएलएसई (उरलेली जागा सोड, ही सूचना) नसलं तरी.

दुसरं, ब्लॉकसाइझ. ३३९० च्या ट्रॅकवर जास्तीत जास्त ५६,६६४ बाइट्सचा एक ब्लॉक बसतो. अर्ध्या ट्रॅकचा ब्लॉक २७,९९८ पर्यंत. ८० बाइटी रेकॉर्डसाठी २७,९२० येतो. कोणी ब्लॉकसाइझ ८० च ठेवला असेल तर ट्रॅकचा बराचसा भाग ब्लॉकांमधल्या फटींतच जातो. ब्लॉकसाइझ शून्य लिहा, सिस्टिम काढते.

एबेंडबाई
ब्लॉकसाइझ ८०! अशा फाइली मी डोळ्यांनी पाहिल्यात. कार्ड रीडर भंगारात गेला, फाइल अजून कार्डाच्याच मापाची.

आबा_जेसीएल
टेपवालेबुवा, पार्शल रिलीजचं बरोबर. पण व्हीसॅम या फाइलींच्या प्रकाराला जपून. काही व्हीसॅम फाइली मुद्दाम मोठ्या ठेवलेल्या असतात, पुढे भरणार म्हणून. त्यांची जागा सोडलीत तर त्या सेकंडरी घेत घेत पसरतात. व्हीसॅमला वेगळा मॅनेजमेंट क्लास हवा.

आणि बॅकअपचा एवढा बाऊ कशाला? मेट्रो मिरर असेल तर दुसऱ्या बॉक्सवर हुबेहूब प्रत आहेच. आमच्याकडे गेली कित्येक वर्षं एचरिकव्हर कोणी मारलेला नाही.

निशा_स्टोरेज
आबा, याला मात्र कडाडून विरोध.

मेट्रो मिरर सिंक्रोनस आहे. इकडचं राइट तिकडे पोचल्याशिवाय पूर्ण होत नाही. म्हणजे इकडे कोणी चुकून डिलीट मारलं किंवा प्रोग्रॅमने मास्टर फाइलचा चुथडा केला, की तिकडेही तोच चुथडा, इमानेइतबारे. बॉक्स जळाला तर मिरर वाचवतो. डेटाच बिघडला तर अजिबात नाही.

मॅनेजमेंट क्लासमधले व्हर्जनचे आकडेही जरा बघून घ्या. बॅकअप व्हर्जन २ ठेवलेली असतील आणि फाइल रोज बदलत असेल, तर तुमच्या हातात जेमतेम दोन दिवसांचा भूतकाळ आहे. गडबड गुरुवारी झाली आणि सोमवारी लक्षात आली तर दोन्ही व्हर्जन नासकीच असणार. डेटासेट डिलीट झाल्यावर किती व्हर्जन ठेवायची आणि शेवटचं किती दिवस, हे दोन वेगळे रकाने आहेत. तेही बहुतेक ठिकाणी पहिल्या दिवसापासून कोणी उघडलेले नसतात.

आणि 'कित्येक वर्षं एचरिकव्हर मारला नाही' हे मला तरी काळजीचं वाटतं. दर महिन्याला काही डेटासेट निवडायचे, वेगळ्या नावाने रिकव्हर करायचे, रेकॉर्ड मोजायचे. टेप वाचता येते की नाही ते तेव्हाच कळतं.

चिकित्सक
निशाताईंना +१. रॅन्समवेअरच्या काळात तर आणखीच. डीएस८००० वर (आयबीएमचा डिस्क बॉक्स) २०१८ पासून सेफगार्डेड कॉपी आली ती याचसाठी. ५०० पर्यंत पॉइंट-इन-टाइम प्रती, आणि त्या होस्टला थेट दिसत नाहीत, त्यामुळे होस्टवरून कोणी पुसूही शकत नाही.

आबा_जेसीएल
बरं बरं. दोघांनी मिळून म्हाताऱ्याला घेरलंत. (ह.घ्या.) मिररचं म्हणणं मागे घेत नाही, पण व्हर्जनच्या आकड्यांचं आमच्याकडे उद्या बघतो.

रात्रपाळी
अवांतर: एसीएस रूटीन (कुठल्या डेटासेटला कोणता क्लास ते ठरवणारा कोड) कोणी वाचलीयेत का तुमच्याकडे? आमच्या स्टोरेज क्लासच्या रूटीनमध्ये एक फिल्टलिस्ट आहे, तिच्यात यूजर आयडी. त्यातले बहुतेक लोक नोकरी सोडून गेले. त्यांचे डेटासेट मात्र अजून वेगवान डिस्कवर राजेशाही थाटात.

टेपवाला
प्रत्येक एसीएस रूटीन म्हणजे संस्थेचं भांडणपुराण असतं. कोणी कधी ओरडलं आणि त्याच्यासाठी कोणता अपवाद केला, सगळं तारीखवार. काढायला कोणी धजत नाही. काढायचेच असतील तर नॅव्हीक्वेस्टने जुन्या रूटीनवर टेस्ट केसेस चालवून निकाल ठेवा, नव्यावर परत चालवा आणि फरक बघा. अंदाजाने ट्रान्सलेट-व्हॅलिडेट करून अ‍ॅक्टिव्हेट मारू नका.

निशा_स्टोरेज
डिस्कपाल, धागा पुन्हा वरून वाचला आणि तुमच्या ता.क. वर अडकले. काखेत कळसा झालंय का बघा.

बॅकअप वेळेत संपत नाही हा वेगळा विषय नाही, हाच विषय आहे. ज्या मॅनेजमेंट क्लासमध्ये ऑटो बॅकअप 'वाय' आहे, त्यातला बदललेला डेटासेट बॅकअप झाल्याशिवाय एचएसएम आपणहून मायग्रेट करत नाही. करू पण नये. महिनाअखेरीला भरमसाट नवे डेटासेट लिहिले जातात, सगळ्यांचं चेंज बिट (बदललाय, बॅकअप बाकी अशी खूण) चालू. बॅकअप त्यांच्यापर्यंत पोचत नाही. मग इंटरव्हल मायग्रेशन दर तासाला येतं, ग्रुप थ्रेशोल्डच्या वर बघतं, यादी काढतं, आणि यादीतले पात्र फारच थोडे निघतात. हात हलवत परत.

सेटसिस ऑटोबॅकअपस्टार्टमध्ये तीन वेळा असतात: सुरू कधी, उशिरात उशिरा सुरू कधी, आणि आवरतं कधी घ्यायचं. तिसरी काय आहे ते बघा. आणि डीकलेक्ट काढणारच असाल तर चेंज बिट चालू असलेले डेटासेट वेगळे काढा, त्यांनी किती सिलिंडर अडवलेत ते दिसेल.

चिकित्सक
ओहो. मी एक्सटेंट मोजत बसलो आणि हे सुटलं. निशाताई, मानलं.

डिस्कपाल
मंडळी, उशिरा येतोय, पण आकडे घेऊन येतोय.

निशाताईंचा नेम बरोबर लागला. ऑटोबॅकअप रात्री १ ला सुरू, २ पर्यंत सुरू व्हायलाच हवा, ४ ला क्वाएस (आवरतं घ्यायची वेळ). ही वेळ कोणी आणि कधी ठरवली त्याची नोंद नाही. तेव्हा बॅच बहुधा ४ नंतर सुरू होत असावी. आता महिनाअखेरीची बॅच मध्यरात्रीपासून चालते. म्हणजे बॅकअप येतो तेव्हा निम्म्या फाइली कुठल्या ना कुठल्या जॉबने धरलेल्या असतात, आणि जॉब सोडतात तोवर ४ वाजलेले. गेल्या महिनाअखेरीच्या बॅकअप लॉगमध्ये आमच्या ग्रुपचे बरेच व्हॉल्यूम अर्धवट दिसतात. डीकलेक्टमध्ये चेंज बिट चालू असलेल्यांनी ग्रुपची जवळजवळ ३० टक्के जागा धरली होती. त्यातले निम्म्याहून अधिक सॉर्टच्या मधल्या फाइली! ज्या पुढच्या स्टेपनंतर कोणी बघत नाही, त्यांचा आम्ही बॅकअप घ्यायला निघालो होतो. घेऊ शकत नव्हतो, म्हणून त्या हलत नव्हत्या.

टेपवालेदादा, अ‍ॅलोकेट आणि वापर शेजारी ठेवले. डोळे पांढरे झाले.

टेपवाला
मधल्या फाइलींसाठी स्वतंत्र मॅनेजमेंट क्लास. ऑटो बॅकअप 'एन', न वापरल्यास दोन-तीन दिवसांत एक्सपायर. मायग्रेटसुद्धा करू नका, मरायला टेकलेला डेटा कॉम्प्रेस करण्यात सीपीयू कशाला जाळायचा? फक्त अ‍ॅप्लिकेशनवाल्यांकडून लेखी घ्या की या फाइली परत बनवता येतात. तोंडी हो म्हणतात आणि ऑडिटला पलटतात.

डिस्कपाल
हो, ई-मेल टाकलाय. एका टीमचं उत्तर आलं: 'सगळंच महत्त्वाचं आहे.'

एबेंडबाई
त्यांना विचारा, कुठल्या नावाच्या फाइली जॉबच्या पहिल्याच स्टेपमध्ये तुम्ही स्वतः पुसता? त्या यादीला ते नाही म्हणू शकत नाहीत.

डिस्कपाल
वा! हे जमण्यासारखं आहे. जेसीएल लायब्ररीत सर्च मारतो.

आबा_जेसीएल
आता माझंही ऐका. हे सगळं बदलायला चेंज मॅनेजमेंटमधून जाल, तोवर पुढची महिनाअखेर उजाडेल. त्या रात्रीसाठी दोन-चार मोठे व्हॉल्यूम ओव्हरफ्लो ग्रुप म्हणून ठेवाच. मूळ ग्रुपला जागा असेल तर तिकडे काही जाणार नाही, नसेल तर जॉब पडणार नाही. साहेबही खूश, व्हॉल्यूम टाकले म्हणून.

चिकित्सक
याला माझा विरोध नाही. फक्त ते मॉडेल ५४ तरी घ्या, परत मॉडेल ३ नको. आणि ओव्हरफ्लोमध्ये काय उतरलं ते दर सकाळी बघा. नाहीतर वर्षभरात तोच मुख्य ग्रुप होऊन बसतो.

डिस्कपाल
ठरलं ते असं. क्वाएस टाइम ४ वरून ७ करतोय आणि मॅक्सबॅकअपटास्क्स (एकाच वेळी किती बॅकअप चालतील ते) वाढवतोय. टेप ड्राइव्ह पुरतात का ते टेपच्या टीमला विचारलंय. मधल्या फाइलींचा नवा क्लास आधी टेस्ट सिस्टिमवर. ओव्हरफ्लोला मॉडेल ५४. हायपरपीएव्ही आहे, आबा, तपासलं. स्पेस कन्स्ट्रेंट रिलीफ त्या २,००० सिलिंडरवाल्या जॉबच्या डेटा क्लासला लगेच.

मॉडेल ३ रिकामे करण्याबद्दल मात्र अजून विचारायचंय. त्यांना क्विन्यू करू की डिसन्यू?

निशा_स्टोरेज
क्विन्यू केलंत तर ते मागच्या रांगेत जातात, पण दुसरीकडे जागा नसली की त्यांच्यावर नवं अ‍ॅलोकेशन होऊ शकतं. डिसन्यूमध्ये नवं काहीच बसत नाही. महिनाअखेर पार पडेपर्यंत क्विन्यू, मग एकेक डिसन्यू करून डीएसएसच्या (डेटा कॉपी करायचं साधन) लॉजिकल कॉपीने डिलीट लावून हलवा. उघडे डेटासेट हलणार नाहीत, ते रविवारी.

नवखा_ऑपरेटर
हे रविवारी कोण करणार?

रात्रपाळी
ज्याने विचारलं तो.